अजून हलकं

पोरीचा पाय सुजलाय आणि ही बया मान कुरवाळत बसलीय! इस्त्रीवालीने पहिल्या दिवशी उपचारकेंद्राच्या खोलीत पाऊल टाकलं, जरा वेळ उभं राहून बघितलं आणि मनातल्या मनात सगळ्यांची हजेरी घेऊन टाकली. डॉक्टर बिनडोक, कारण त्यानेच इथे पाठवलं. उपचार करणारी बाई ढोंगी, कारण सुजलेला पाय समोर असून त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. आणि नवरा? नवऱ्याबद्दल नवीन मत बनवायची गरज नव्हती. ते लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच बनवून, कडक इस्त्री करून, घडी घालून ठेवलेलं होतं.

बाईचं स्वतःचं दुकान होतं इस्त्रीचं, घराला लागूनच. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, वकिलांचे सदरे, सगळं तिच्याकडे यायचं आणि तिच्या हाताखालून एकदा गेलं की सुरकुतीची काय बिशाद होती मागे राहायची! जोर आणि झपाटा, ह्या दोनच गोष्टींवर तिचा विश्वास. ज्यांच्यात ह्या दोन्ही नव्हत्या अशा माणसांची तिला शिसारी यायची आणि तिच्या हिशेबाने जगात अशीच माणसं जास्त होती.

त्यांचा मेरुमणी तिच्या घरातच होता. नवरा बँकेच्या दारात पहारेकरी. म्हणजे काय, तर खुर्चीत बसायचा. दिवसभर बसायचा, बसण्याचा पगार घ्यायचा आणि घरी येऊन पुन्हा बसायचा. त्याच्या कपातल्या चहावर साय धरायची, ती तो बोटाने बाजूला करायचा आणि उरलेला चहा तितक्याच सावकाश प्यायचा. त्याचे बूट घालून होईस्तोवर ती अख्ख्या हॉटेलच्या चादरी उरकायची. तिने त्याचं नाव अजगर ठेवलं होतं. घरात ती त्याला तोंडावर अजगर म्हणायची आणि चारचौघांत 'अहो' म्हणायची, पण असं म्हणायची की ऐकणाऱ्याला अजगरच ऐकू यावं.

पोरगी मात्र जिवाचा तुकडा. तिला सगळे बटण म्हणायचे, कारण जन्मली तेव्हा होतीच तशी, एवढीशी आणि गोल. पण ह्या बटणाच्या उजव्या पायातल्या शिरांची जुळणीच जन्मापासून चुकलेली होती. मांडीपासून घोट्यापर्यंत जांभळट डाग, त्यावर फुगलेल्या निळ्या शिरा, आणि कातडीखाली सतत पाणी साचायचं. सकाळी पाय जरा बरा असायचा, दिवस कलेपर्यंत त्याची उशी व्हायची. पोरगी शाळेत जायला लागली तरी तिला दोन्ही पायांत एका मापाचे बूट काही घालता आले नव्हते. इस्त्रीवाली दर वेळी दोन मापांचे दोन जोड घ्यायची, एकेक बूट ठेवायची आणि उरलेले फेकून द्यायची. बूटवाला दर वेळी विचारायचा, "असं कसं हो ताई?" आणि ती दर वेळी म्हणायची, "तुला बूट विकायचेत की चौकशी करायचीय?"

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे दुखणं मुळापासून जाणारं नाही, पण सूज आटोक्यात ठेवता येईल. हलक्या हाताने पाणी वर सरकवायचं, वरून पट्ट्या बांधायच्या. सूज उतरली आणि उतरलेली टिकली की त्या पायाच्या मापाचा खास घट्ट मोजा करून घ्यायचा. मोजा चढला की वरून साधा बूट. दोन्ही पायांत एकाच जोडातले. डॉक्टर पुढेही बरंच बोलले, पण इस्त्रीवालीच्या कानांनी एवढंच उचललं. पोरीच्या पायांत एका जोडातले बूट हवेत, बस्स. त्यासाठी ती डोंगरसुद्धा खणायला तयार होती. पंचाईत अशी की डोंगर खण असं तिला कोणी सांगतच नव्हतं.

"पाय कधी घेणार?" तिने शेवटी विचारलंच.

"येतेय ना," उपचार करणारी बाई म्हणाली. तिशीतली, केस मागे घट्ट बांधलेले, आवाज असा की झोपलेलं मूल उठू नये. तिचे तळवे बटणाच्या मानेवर टेकलेले होते आणि ती कातडी नुसती जराशी सरकवून सोडून देत होती. मग खांद्यापाशी. मग पोटावर. मग जांघेत. "आधी पुढची वाट मोकळी करायची. पुढे जागाच नसेल तर मागचं पाणी जाणार कुठे?"

"पण एवढ्या हलक्या हाताने? ह्याने तर बसलेली माशीसुद्धा उठणार नाही."

"माशी नाही उठवायचीय, ताई. हे पाणी कातडीच्या लगेच खाली असतं. जोरात दाबलं तर ते वाहून नेणाऱ्या बारीक वाटाच मिटतात. आणि हिच्या शिरा नाजूक आहेत. चेंगरल्या तर आत गाठ धरेल."

इस्त्रीवालीने तिथल्या तिथे तिचं नाव फुंकरबाई ठेवलं. लहान पोर पडलं की आपण गुडघ्यावर फुंकर घालतो आणि पोर गप्प होतं, पण म्हणून कोणी त्याला औषध म्हणत नाही आणि भिंतीवर प्रमाणपत्रं लावून बसत नाही. बटण मात्र छताकडे बघत मजेत पडली होती. नवरा स्टुलावर बसून फुंकरबाईच्या हातांकडे टक लावून बघत होता. बसायला मिळालं होतं, बघायला मिळालं होतं, त्याला आणखी काय हवं!

पुढच्या खेपेला फुंकरबाई म्हणाली, "हे रोज व्हायला हवं. इथे मी आठवड्यातून दोनदाच वेळ देऊ शकते, रांग बघताय ना? घरी कोणीतरी एकाने शिकून घ्या. एकानेच. हात बदलत राहिले की गडबड होते."

कोणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न इस्त्रीवालीला पडलाच नाही. तिने बाह्या वर सारल्या. फुंकरबाईने स्वतःचा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आधी माझ्यावर करा."

इस्त्रीवालीने हात ठेवला.

"जोर कमी," फुंकरबाई म्हणाली.

तिने जोर कमी केला.

"अजून हलकं."

तिने दात आवळले आणि हात हलका केला. म्हणजे तिला तो हलका वाटला. फुंकरबाईच्या मनगटावर तिच्या बोटांचे पांढरे ठसे उठले होते.

"अजून हलकं, ताई. आणि सावकाश. कातडी सरकवायची, सोडून द्यायची, थांबायचं. तुम्ही थांबतच नाही आहात."

"ह्याहून हलकं करायचं असेल तर मी घरीच राहते," इस्त्रीवाली म्हणाली, "तुम्ही मनातल्या मनात समजून घ्या केलं म्हणून."

फुंकरबाई त्यावर चिडली नाही की हसली नाही. ह्या माणसांना चिडताही येत नाही, इस्त्रीवालीने मनात आणखी एक खूण केली. मग फुंकरबाई स्टुलाकडे वळून म्हणाली, "तुम्ही बघता का करून?"

नवरा उठला. उठला म्हणजे आधी मांडीवरची पिशवी खाली ठेवली, ती पडत नाहीये ना ते बघितलं, मग उठला. बेसिनपाशी जाऊन हात धुतले. एकेक बोट पुसलं. इस्त्रीवालीला त्या पुसण्याने घाम फुटायची वेळ आली. शेवटी त्याने फुंकरबाईच्या हातावर तळवा टेकवला, कातडी सरकवली, सोडली, थांबला. पुन्हा सरकवली. फुंकरबाईने डोळे मिटून घेतले.

"आधी कुठे शिकलात?"

"नाही, कुठे नाही," नवरा म्हणाला.

"अगदी असंच. काहीच बदलू नका."

"बरोबरच आहे," इस्त्रीवाली म्हणाली. "काहीच करायचं नाही असं काम ह्यांच्याइतकं कोणाला जमणार?"

खोलीत कोणी हसलं नाही. फक्त नवरा हसला. स्वतःवरच्या विनोदाला हसायची त्याला फार वाईट खोड होती.

मग काय, अजगराला नोकरी लागली! रोज सकाळी कामावर जायच्या आधी तो पलंगाच्या कडेला बसायचा, बटणाच्या मानेपासून सुरुवात करायचा आणि घोट्यापर्यंत पोचेपर्यंत बाहेर दूधवाला येऊन जायचा, पेपरवाला येऊन जायचा, आणि इस्त्रीवालीचं दुकान उघडून निम्मं काम व्हायचं. मग पट्ट्या. बोटांपासून वर, एकावर एक, न आवळता. मध्येच पोरीला विचारायचा, "घट्ट झाली का गं?" पोरगी म्हणायची, "जराशी." की हा सगळी सोडून पहिल्यापासून बांधायचा. दारातून बघताना इस्त्रीवालीचा जीव वरखाली व्हायचा. तिने अख्खा पाय एव्हाना गुंडाळून, बांधून, वर नावाची चिठ्ठी लावून दिली असती.

आणि पाय उतरायला लागला.

एकदम नाही, पण घोट्याचं हाड दिसायला लागलं. जन्मल्यापासून इस्त्रीवालीने पोरीच्या उजव्या घोट्याचं हाड बघितलंच नव्हतं. तिला आनंद झाला, खरंच झाला, तिने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. पण त्या आनंदाला एक ठसठसणारी कड होती. शाळेत भांडली कोण? तीच. पोरीकडे बोट दाखवणाऱ्या बायांची तोंडं बंद केली कोणी? तिनेच. डॉक्टरांच्या दारात ठाण मांडून बसली कोण, बूटवाल्याशी हुज्जत घातली कोण? आणि पायाने ऐकलं कोणाचं, तर खुर्चीत बसून पगार खाणाऱ्याचं! नणंदेचा फोन आला की ती म्हणायची, "वहिनी, दादाच्या हाताला गुण आहे हो." वहिनी म्हणायची, "हो ना, आणि बाकीच्या अंगाला काहीच नाही." म्हणायची आणि फोन आपटायची. ती जळत होती. स्वतःशी ती तसं कबूल करायची नाही, पण जळत होती.

फुंकरबाईने एके दिवशी टेप लावून माप घेतलं आणि सांगितलं, "पुढच्या आठवड्यापर्यंत एवढंच टिकलं तर मोज्याचं माप देऊन टाकू."

आणि नेमकं तेव्हाच नणंदेचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्या गावी. पलंगापाशी बसायला माणूस हवा होता. बसायचं काम निघालं की ह्या खानदानात पहिलं नाव कोणाचं येणार, हे काय सांगायला हवं! नवरा निघाला. निघताना दारात उभा राहून म्हणाला, "मी फुंकरबाईंशी बोललोय." त्याच्याही तोंडात आता ते नाव बसलं होतं. "चार दिवस त्या रोज मधल्या सुट्टीत वेळ काढणार आहेत. तू फक्त बटणाला घेऊन जा. घरी करू नकोस, हं? राहिलं तरी चालेल, पण घरी नको."

"निघा आता, नाहीतर तुमची बहीण बरी होऊन घरी जाईल आणि तुम्ही इथेच दारात," इस्त्रीवाली म्हणाली.

तो वळणावरून दिसेनासा झाला आणि तिने केंद्रात फोन लावला. "ह्यांचं जाणं रद्द झालंय. घरीच करतील ते. तुम्ही तुमची सुट्टी घ्या." फुंकरबाईने बरं म्हटलं, आभारही मानले. इस्त्रीवालीने फोन ठेवला तेव्हा तिला अगदी मोकळं वाटलं, घरातली अडगळ बाहेर काढल्यावर वाटतं तसं.

दुकानाच्या मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करायचं मोठं टेबल होतं. त्यावर तिने जाड चादर अंथरली, बटणाला आडवं केलं आणि पट्ट्या सोडल्या. मान बिन काही नाही. पोट नाही, जांघ नाही. सूज जिथे, हात तिथे! घोट्याला दोन्ही हातांनी पकडलं आणि तळव्याचा भार देऊन वर रेटत नेलं. पुन्हा घोटा, पुन्हा वर. कातडीखालचं पाणी तिच्या हाताला लागत होतं, सरकत होतं, तिला अगदी जाणवत होतं. हेच तर! हे असं असतं काम!

बटणाने चादरीची कड मुठीत धरली होती.

"दुखतंय का गं?"

"नाही," बटण म्हणाली.

"शाब्बास! माझी पोर आहेस तू."

वरून तिने पट्ट्या बांधल्या, एकही सैल वळण न ठेवता. संध्याकाळी सोडून बघितलं आणि तिने टाळीच वाजवली. पाऊल काय बारीक झालं होतं! डाव्यासारखंच, अगदी डाव्यासारखंच दिसत होतं. तिने फळीवरून आधीच आणून ठेवलेलं खोकं काढलं, डाव्या पायाच्या मापाचा नवा जोड काढला आणि पोरीच्या दोन्ही पायांत चढवला. उजवा जरा ओढून चढवावा लागला, पण चढला! आयुष्यात पहिल्यांदा पोरीच्या पायांत एका जोडातले बूट होते.

"चल, चालून दाखव."

बटण दुकानात इकडून तिकडे चालली. गिऱ्हाईकं उभी होती. एका बाईने विचारलं, "पाय बरा झाला का हो?" आणि इस्त्रीवाली म्हणाली, "होणारच. जरा मनावर घेऊन काम केलं की सगळं होतं. आमच्याकडे इतके दिवस नुसतं गोंजारणं चाललं होतं." पोरगी आणखी एकदा चालली, मग आणखी एकदा, कारण आणखी एक गिऱ्हाईक आलं. चालताना तिचं तोंड जरा ओढलेलं दिसत होतं. नवीन बुटांचं असेल, इस्त्रीवालीने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिने तेच केलं, फक्त आणखी जोर लावून. नवरा परत येईल, पाय बघेल आणि त्याच्या त्या संथ तोंडावर काय भाव येतील, हे ती काम करताना डोळ्यांसमोर आणत होती. फार मजेत होती ती.

तिसऱ्या सकाळी बटण उठेना. अंग तापलेलं. पट्टीच्या वर, गुडघ्यापासून मांडीपर्यंत सगळं टम्म फुगलेलं आणि त्या फुगवट्यावरून एक लाल, कडक दोरी उठलेली. हात लावला तर पोरीने किंकाळी फोडली. इस्त्रीवालीने पट्ट्या ओरबाडून काढल्या. बोटं निळसर पडली होती. पाऊल बारीक दिसत होतं ते पाणी गेलं म्हणून नव्हे. पाणी कुठेच गेलं नव्हतं. पुढे वाट बंद होती आणि तिने ते सगळं वर नेऊन कोंबलं होतं. हे तिला कोणी समजावून सांगायला लागलं नाही. तिने पोरीला उचललं, दुकानाचं शटर उघडं टाकलं आणि धावत सुटली.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. नवऱ्याला तिने फोनवर एवढंच सांगितलं, "पाय सुजलाय, या." तो दुपारी पोचला, हातात तीच पिशवी. डॉक्टर पडद्यावरचं चित्र बघून म्हणाले, "कातडीलगतच्या शिरेत गाठ धरलीय. खोलवरच्या शिरांत नाही, हे नशीब समजा. औषध सुरू करू, ताप उतरेल. पण कोणीतरी पाय जोरात रगडलाय. हे आपोआप होत नाही." आणि ते निघून गेले, कारण डॉक्टरांना निघून जाण्याची नेहमीच घाई असते.

मागे राहिली फुंकरबाई. ती खालच्या मजल्यावरच्या उपचारकेंद्रातून धावतच आली होती. तिने बटणाच्या कपाळाला हात लावला, पाय बघितला, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही? तुम्ही केलंत हे? तुमचं गावाला जाणं रद्द झालं, घरीच करताय, असं यांनी मला कळवलं होतं."

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. इस्त्रीवालीने भिंतीकडे बघितलं. आता बोलेल, तिला वाटलं. बारा वर्षांचं सगळं आता काढेल, आणि काढू दे. कोणत्याही माणसाने काढलं असतं.

"हो," नवरा म्हणाला. "मीच केलं. जरा... घाई झाली माझी. कामावर जायचं होतं. जोर लागला असेल."

फुंकरबाई हळूच म्हणाली, "मी तुमच्याबद्दल इतर पालकांना सांगायचे. असो. आता घरी हात लावायचा नाही. हे निवळलं की इकडेच आणा. आठवड्यातून दोनदा जमेल तेवढं मी करेन."

"मग मोजा?"

"एवढ्यात नाही. नुसतं दोनदा करून उतरलेली सूज टिकत नाही, तुम्हाला माहितीय. पुढचं पुढे बघू."

नवऱ्याने मान हलवली. तेवढंच. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं. जन्मात ज्या एका गोष्टीला कोणी 'अगदी असंच' म्हटलं होतं ती गोष्ट त्याने पिशवी ठेवावी तशी खाली ठेवून दिली होती. इस्त्रीवालीच्या अंगाचा भडका उडाला. लाज वाटली म्हणून नव्हे, लाज नंतर वाटली. आधी संतापच आला. हा, हा माणूस मला पाठीशी घालतोय? मला? आणि पोरीचा पाय त्यापायी वाऱ्यावर सोडतोय?

"ह्यांनी घाई केली?" ती ओरडली. "ह्यांनी? अहो, तुम्ही ऐकताय काय! ह्या माणसाच्या चहावर साय धरते! स्वतःच्या लग्नाला हा माणूस उशिरा आला होता. घराला आग लागली तर हे आधी चपला सरळ लावतील आणि मग बाहेर पडतील. बारा वर्षं ढकलतेय मी ह्यांना, बारा वर्षं, ओरडून ओरडून घसा बसला माझा, जागचे हलले नाहीत, आणि दोन सकाळींत घाई शिकले? ह्यांना घाई करता आली असती तर आज दारात कशाला बसले असते, आत मॅनेजर झाले असते!"

"अगं, जाऊ दे," नवरा म्हणाला.

"जाऊ दे काय? जोर म्हणे! कसला जोर? घरातली बरणी उघडत नाही ह्यांच्याने, मी उघडते. पट्टी जराशी घट्ट झाली तर पहिल्यापासून सोडून बसणारा माणूस हा. ह्याच्या हाताखाली मुंगीसुद्धा मरायची नाही. तुम्हीच डोळे मिटले होते ना त्या दिवशी? मग आता कुठे गेले ते डोळे?" तिला दम लागला. "हे गावाला होते. मी केलं. मी रगडला पाय. दोन दिवस, घड्या करायच्या टेबलावर. मला वाटलं तुम्ही सगळे नुसते वेळ काढताय. ह्यांना तर खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. फोनवर मी बोलले तसं बोलावं लागतं."

बाहेर व्हरांड्यात माणसं थबकली होती. थबकू देत मेली. फुंकरबाईने दार लोटून घेतलं आणि थोडा वेळ इस्त्रीवालीकडे बघत राहिली. रागाने नाही, आणि तेच इस्त्रीवालीला सहन होईना.

"मग हे निवळल्यावर घरी ह्यांनीच करायचं," फुंकरबाई म्हणाली. "रोज, पूर्वीसारखं. महिना-दोन महिने मागे गेलो आपण, पण मोजा होईल. आणि ताई, तुम्ही पायाला हात लावायचा नाही. पट्टीलाही नाही."

"नाही लावणार."

हे दोन शब्द बोलायला तिला जेवढा जोर लागला तेवढा कधी कुठल्या चादरीला लागला नव्हता. आपल्याच पोरीचा पाय, आणि त्याला हात लावायचा नाही! आणि ते बरोबर होतं, ह्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

फुंकरबाई पलंगाच्या कडेला टेकली आणि बटणाच्या कपाळावरचे केस मागे सारून म्हणाली, "तुला दुखत होतं ना गं तेव्हा? मग आईला थांब का नाही म्हणालीस?"

बटणाने आधी बाबांकडे बघितलं, मग आईकडे. तापाने डोळे चकाकत होते.

"थांब म्हटलं असतं," ती म्हणाली, "तर आई म्हणाली असती, गेली बापावर."

नवरा जमिनीकडे बघत होता. पोरगी मुठीत चादर धरून निमूट पडली होती ती धीट होती म्हणून नाही. आईच्या तोंडाला भीत होती म्हणून. इतकी वर्षं घरात जे काही बोललं गेलं होतं ते सगळं त्या एवढ्याशा पोरीने ऐकलं होतं, आणि कोणासारखं व्हायचं नाही ते पक्कं ठरवून टाकलं होतं.

ती पलंगाजवळ गेली. हात पुढे केला, मध्येच आठवण झाली आणि तो मागे घेऊन पाठीशी धरला.

"जा की मग बापावर," ती म्हणाली. तिला नेहमीच्या ठसक्यात म्हणायचं होतं, पण आवाज मध्येच फाटला. "खुशाल जा. माझ्यावर जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

नवरा रुमाल शोधायला लागला. आधी एक खिसा, मग दुसरा, मग पिशवी. त्याला तो सापडेपर्यंत तिने बाहीनेच तोंड पुसून घेतलं होतं.